पुन्हाबाईंचा नियम

पुन्हाबाई हे नाव त्यांना कॉलेजातल्या पोरींनी ठेवलं होतं, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. राग बिग काही नाही. एकदा कोणीतरी वर्गाच्या फळ्यावर ते नाव खडूने खरडून ठेवलं, तर बाईंनी चष्मा सावरून वाचलं आणि म्हणाल्या, "अक्षर काय गचाळ आहे! पुन्हा लिहा." आता अशा बाईपुढे कोण काय बोलणार?

कॉलेज संगीत शिक्षकांचं. म्हणजे इथे गाणारे-वाजवणारे तयार होत नाहीत, गाणं-वाजवणं शिकवणारे तयार होतात. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे बाई पहिल्याच दिवशी सांगून टाकत. शेजारच्या शाळेतली पोरं आठवड्यातून दोनदा हातात छोटी व्हायोलिनं घेऊन येत, कॉलेजच्या विद्यार्थिनी त्यांना शिकवत, आणि बाई शेवटच्या बाकावर बसून ते बघत. याला म्हणायचं सराव पाठ. बाई मागे बसल्या की भल्याभल्या पोरींच्या तोंडचं पाणी पळे. कारण होता बाईंचा नियम. मूल चुकलं की तिथल्या तिथे थांबवायचं. पुन्हा वाजवून घ्यायचं. तो सूर बरोबर येत नाही तोवर पुढचा नाही. एखादी पोर दया येऊन पुढे सरकली, की मागून खणखणीत आवाज येई, "पुन्हा!"

नियम बाईंचा असला तरी बाई त्याचं श्रेय स्वतःकडे घेत नसत. ते जाई मामाला. दरवर्षी नव्या वर्गाला बाई मामाची गोष्ट सांगत आणि ती इतक्या वेळा सांगून झाली होती की शिपायालासुद्धा पाठ होती. मामा हॉटेलच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. बाईंच्या आईचा सख्खा भाऊ, त्यांच्याच घरी राहायचा. तो या भाच्यांना खोलीत बसवायचा, दाराला वरची कडी घालायचा, आणि चुकलं की एकच शब्द. ताटातलं जेवण निवून जायचं, पण उठायची सोय नव्हती. "त्या मामाने मला घडवलं," बाई म्हणत. मग जरा थांबून म्हणत, "माझा धाकटा भाऊ पण असायचा बरोबर. पण त्याला कान नव्हता. तो गेला वायरी जोडायला." यावर वर्ग हसायचा, कारण बाई स्वतः हसायच्या.

तर असं बरं चाललं होतं. पण पोरी गळायला लागल्या. कोणी सराव पाठातच गोठून उभी राहायची, कोणी वर्षाच्या मध्यात दुसरीकडे नोकरी धरायची. शेवटी प्राचार्यांनी तिघांना बोलावलं आणि सांगितलं, "तुम्ही मिळून अभ्यास करा, लोकांशी बोला, अहवाल द्या. तुमच्या अहवालावर ठरवू, हा नियम ठेवायचा की काढायचा." बाई खोलीतून बाहेर आल्या त्या तोंड घट्ट मिटून. नियम गेला म्हणजे मामा गेला, असं त्यांचं सरळ गणित होतं. मामा जाऊन कित्येक वर्षं झाली होती. त्याचं दुसरं काही उरलंही नव्हतं.

तिघं म्हणजे बाई, ठोकेसर आणि धाकट्या मॅडम. ठोकेसर ड्रम आणि ताल शिकवायचे, टेबल दिसलं की बोटं आपोआप चालायची, माणूस मोठा गमत्या. धाकट्या मॅडम एकेकाळी बाईंच्याच विद्यार्थिनी, बाहेर जाऊन पुढचं शिकून आल्या होत्या आणि संशोधन कसं करायचं हे त्यांनाच काय ते ठाऊक होतं.

पहिल्याच बैठकीत मॅडम म्हणाल्या, "आधी आपण तिघांनी आपापलं सांगायचं. आपण कसे शिकलो, कोणाकडे शिकलो. जसं शिकलो तसंच आपण शिकवतो, आणि दुसऱ्याकडे बघतानाही तोच चष्मा लावून बघतो. तो चष्मा आधी टेबलावर ठेवायचा."

"म्हणजे आधी स्वतःची धुणी धुवायची," ठोकेसर म्हणाले.

"धुवू की. माझं काय मळलंय?" बाई म्हणाल्या.

एक अट होती. एक बोलत असताना दुसऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही. चूक वाटली तरी नाही, राग आला तरी नाही. झालं! उभा जन्म ज्या बाईने लोकांना मध्येच अडवण्यात घालवला, तिला ही अट म्हणजे शिक्षाच. ठोकेसर आपल्या वडिलांविषयी बोलायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला बाई म्हणाल्या, "छे, ते तेव्हा बँडात नव्हते. मागे तुम्ही वेगळं सांगितलं होतंत." ठोकेसर पुन्हा सुरू झाले, बाई पुन्हा बोलल्या. तिसऱ्यांदा ठोकेसरांनी खिशातून पेपरमिंटची पुडी काढली. "बाई, ही घ्या. ही विरघळेपर्यंत बोलायचं नाही. आणि चावायची नाही हं, चघळायची." त्या दिवसापासून ऐकणाऱ्याने तोंडात पेपरमिंट धरायची अशी त्या खोलीची रीतच पडली. मॅडमनी ती अहवालात पद्धती या मथळ्याखाली लिहिली, आणि प्राचार्यांनी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

ठोकेसरांनी आपलं सांगितलं. गुरूंनी पहिले कित्येक महिने फक्त सतरंज्या झटकायला लावल्या होत्या. सांगताना ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी मामाची गोष्ट सांगितली, नेहमीचीच, वरच्या कडीसकट. मग मॅडमची पाळी आली.

"मी बाईंकडे शिकले," त्या म्हणाल्या, आणि बाईंनी गालातली पेपरमिंट या गालातून त्या गालात केली. "पहिल्या सराव पाठाला बाईंनी मागून मला इतक्यांदा थांबवलं की माझा आवाजच फुटेना. समोरचं मूल माझ्याकडे बघून रडायला लागलं. मी कॉलेज सोडायचं ठरवलं होतं. पण बसचा पास नुकताच काढला होता, तो वाया जाईल म्हणून दुसऱ्या दिवशी आले. मग येत राहिले."

बाईंचा चेहरा लाल झाला. पण पेपरमिंट चांगली मोठी होती. ती विरघळून संपेपर्यंत रागही निम्मा ओसरला होता, आणि बाई एवढंच म्हणाल्या, "पण आज तू उत्तम शिकवतेस की नाही?"

मॅडमनी तेही वहीत उतरवून घेतलं. पुढच्या बैठकीला मात्र विचार करूनच आल्या होत्या. "आपलं एक चुकतंय. आपण तिघंही टिकलेले आहोत. टिकलेल्याला विचारलं तर तो म्हणणारच, हाल झाले पण घडलो. जे सोडून गेले ते काय म्हणतात, हे आपण कुठे विचारलंय?"

"गेलेले आणायचे कुठून?" ठोकेसरांनी विचारलं.

मॅडमनी बाईंकडे बघितलं. "बाई, तुमचा भाऊ."

"त्याला काय विचारायचंय? सांगितलं ना, त्याला कान नव्हता."

"तुम्ही सांगितलंत. आम्हाला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

बाई त्या दिवशी घरी जाईपर्यंत धुमसत होत्या. भीती एकाच गोष्टीची. भाऊ लहानपणी कायम हिरमुसलेला असायचा, निदान बाईंना तसं आठवत होतं. तो येऊन मामाला नावं ठेवील, मामाने माझं वाटोळं केलं म्हणेल, मॅडम ते उतरवून घेतील, आणि नियमावर काट मारून मोकळ्या होतील. पण नाही म्हणायचं तर मॅडम म्हणणार, बाई घाबरल्या. आणि घाबरल्या असं कोणी म्हणावं, हे तर बाईंना मुळीच चालणारं नव्हतं. त्यांनी फोन लावला.

भावाबहिणीचं तसं काही वाकडं नव्हतं. आठवड्याला फोन व्हायचा. तब्येत, मुलं, पाण्याचा नळ, सगळं बोलणं व्हायचं. फक्त संगीत सोडून. बाईंच्या एकाही कार्यक्रमाला तो कधी आला नव्हता, आणि बाईंनीही कधी का म्हणून विचारलं नव्हतं. कान नसलेल्या माणसाला कशाला त्रास!

"मला? कॉलेजात? माझी मुलाखत?" भाऊ फोनवरच खूश झाला. "ताई, सूट घालून येऊ का?"

सूट नाही, पण इस्त्रीचा कडक शर्ट घालून आणि अत्तर फवारून आला. दिव्या-पंख्यांचं त्याचं मोठं दुकान होतं, हाताखाली माणसं होती, बोलायला तर मागे हटणारा नव्हताच. खोलीत शिरल्या शिरल्या त्याने वर बघितलं. "हा पंखा कोणी बसवला? डुगडुगतोय बघा. कोणाच्या टाळक्यात पडला म्हणजे?" मग खुर्चीवर ऐसपैस बसला. ठोकेसरांनी रेकॉर्डर चालू केला. घरचं माणूस म्हणून बाईंनी एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून त्या खिडकीपाशी बसल्या आणि पेपरमिंट तोंडात टाकली.

"तुमचे मामा फार कडक होते म्हणतात," मॅडमनी सुरुवात केली.

"मामा?" भाऊ मोठ्याने हसला. "कोण म्हणालं? अहो, मामासारखा साधाभोळा माणूस शोधून सापडायचा नाही. तो कसला कडक! चुकलं की गालात हसायचा आणि म्हणायचा, बरं बरं, चल पुढे, उद्या बघू. त्याने मला एकदाही थांबवलं नाही."

"मग दार लावून बसवायचे, पुन्हा पुन्हा वाजवून घ्यायचे, ते?"

"ते मामा नव्हे हो. मामा संध्याकाळी हॉटेलात जायचा, आई हॉस्पिटलात रात्रपाळीला. बाबा तर बाहेरगावीच असायचे. घरात आम्ही दोघंच. दार लावायची ती ताई. पुन्हा म्हणायची ती पण ताईच."

खिडकीपाशी कट्‌ असा आवाज झाला. बाईंनी पेपरमिंट चावली होती. आजही ते रेकॉर्डिंग लावलं तर तो आवाज स्वच्छ ऐकू येतो.

"काय झालं?" भाऊ मागे वळला.

"काही नाही, गोळी आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बोला."

बाईंना ओरडून सांगायचं होतं की साफ खोटं आहे हे. मामाच होता. मामाचा आवाज त्यांच्या कानात होता. पण तोंडात पेपरमिंटचे तुकडे होते, अट होती, आणि गप्प बसायची वेळ आली की माणसाला नको ते आठवतं. वरची कडी आठवली. ती कडी लावायला स्टूल लागायचं; लाकडी, एका पायाने लंगडं. त्यावर चढून, टाचा उंचावून कडी लावायची. मामा चांगला उंचापुरा होता. त्याला स्टूल कशाला लागेल?

मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हणजे ताईंच्या त्या जाचामुळे तुम्ही सोडलंत?"

"जाच? छे हो! मजा यायची." भाऊ खुर्चीत पुढे सरकला. "आता बघा, आमच्या घरात माझ्याकडे बघायला वेळ कोणाला होता? आई दमलेली, मामा आपल्या तंद्रीत. ताई शाळेत पहिली, तिच्या अभ्यासाचं घरभर कौतुक. पण मी व्हायोलिनवर चुकलो रे चुकलो, की ताई हातातलं सगळं टाकून माझ्यासमोर उभी. जेवण निवलं तरी हलायची नाही. मग मी चुकायचो. मुद्दाम. एका चालीतली एक जागा तर मी ठरवूनच टाकली होती, तिथे चुकलो की तासभर तरी निश्चिंती." आणि तो पोटभर हसला. "कान नाही म्हणते ना ती मला? अहो, रोज नेमकं तेवढंच चुकायचं म्हणजे कान लागतो."

ठोकेसरांची टेबलावरची बोटं थांबली होती.

"मग वाजवणं बंद कसं पडलं?" मॅडमनी विचारलं.

"ताई शिकायला हॉस्टेलवर गेली ना." भावाने शर्टाची बाही नीट केली. "पहिल्या सुट्टीत ती आली तेव्हा मी ती चाल अख्खी वाजवून दाखवली. दाराशीच. तिची बॅग अजून हातात होती. एक सूर इकडचा तिकडे नाही, अगदी ती जागासुद्धा बरोबर. म्हटलं, आता खूश होईल. ताई म्हणाली, छान. आणि आत गेली, तिच्या रियाजाला." त्याने दुसरी बाही नीट केली. "मग काय. मग राहिलंच ते."

पेपरमिंट केव्हाच संपली होती, आता बाईंना बोलायला मोकळीक होती. पण त्यांना ते आठवतच नव्हतं. दार नाही, बॅग नाही, चाल नाही. कितीही ताण दिला तरी काही हाताला लागेना. मामा खोटा आठवला तो आठवला, पण हे तर मुळीच नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

"मला आठवत नाही रे," त्या म्हणाल्या.

"तुला कसं आठवेल? तू आत गेली होतीस."

"मी जगभर सांगत सुटले की तुला कान नाही." बाईंचा आवाज फाटला. "पोरी हसायच्या. मी पण हसायचे. चुकलं रे माझं. फार चुकलं."

भाऊ गडबडला. रडणाऱ्या ताईची त्याला सवय नव्हती. "अगं सोड ना, काय घेऊन बसलीस! दुकान झकास चाललंय माझं." आणि काहीतरी करायला हवं म्हणून तो चक्क टेबलावर चढला आणि पंखा घट्ट बसवूनच खाली उतरला.

पुढच्या बैठकीला मॅडम जरा बिचकतच आल्या. बाईंनी त्यांच्या हातातला कच्चा मसुदा घेतला आणि जिथे जिथे मामा होता तिथे तिथे काट मारली. "नियम काढून टाका," त्या म्हणाल्या. "तो मामाचा नाही, एका दहा वर्षांच्या पोरीचा आहे. तिला करमत नव्हतं म्हणून ती मास्तरीण झाली. अशा पोरीच्या हातात कॉलेज द्यायचं नसतं."

"म्हणजे थांबवल्यामुळे मुलं जातात, असं लिहायचं ना?" मॅडमनी पेन उघडलं.

"ते कसं लिहिशील? मी थांबवत होते तोवर तो कुठे गेला? मी छान म्हणून आत गेले, तेव्हा गेला."

इथे जे भांडण लागलं ते दोन बैठका पुरलं. एका माणसाच्या सांगण्यावर निष्कर्ष काढता येत नाही, मॅडम म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. म्हणून मग सोडून गेलेल्या आणखी काही जणींना गाठलं. त्यांतल्या बऱ्याच जणींनी बाईंना तोंडावर सांगितलं की तुमच्या त्या एका शब्दापायी आम्ही गेलो. बाईंनी पेपरमिंट चघळत ते ऐकलं, एकदाही चावली नाही. एकीचे पाठ दुसरेच शिक्षक बघायचे, तिने मात्र सांगितलं की मला कोणी थांबवलंच नाही, मी कशी शिकवते याची कोणाला पडलीच नव्हती. अहवालात दोन्ही गेलं. नियम रद्द झाला, आणि त्याच्या जागी सराव पाठ बघणाऱ्यांसाठी एक नवा प्रश्न आला: मुलाने बरोबर वाजवल्यावर शिक्षिकेने काय केलं? ठोकेसर म्हणाले, हे मोजणार कसं? बाई म्हणाल्या, मोजू नका, बघा.

मॅडमच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट होती. ज्याने सांगितलं, त्याला लिहिलेलं वाचायला द्यायचं, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. भावाच्या वाट्याची पानं त्याच्या दुकानावर गेली. दोन दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला. बाई शिक्षकांच्या खोलीत एकट्याच होत्या.

"ताई, वाचलं. झकास लिहिलंय. नाव नाही घातलंत ते बरं केलंत, गिऱ्हाइकं हसली असती. एकच जागा चुकली आहे."

"कुठली?" बाईंनी त्यांच्याकडची प्रत पुढे ओढली आणि पेन्सिल घेतली.

"हे बघ, तिसऱ्या पानावर. त्या दिवसापासून भावाने वादन सोडलं, असं लिहिलंय मॅडमनी. तसं नाही गं झालं."

"मग कसं?"

"त्या दिवशी नाही सोडलं. मला वाटलं, ताई प्रवासाने दमली असेल. पुढच्या सुट्टीत आली की ऐकेल निवांत. तोवर मी रोज वाजवत होतो. आणखी दोन चाली बसवल्या होत्या." पलीकडे कोणीतरी गिऱ्हाईक बल्बचा भाव विचारत होतं, त्याने तो सांगितला आणि परत फोनवर आला. "म्हणजे तेवढं वाक्य फक्त सुधारा. बाकी सगळं बरोबर आहे."

"सुधारते," बाई म्हणाल्या.

भावाने फोन ठेवला. बाईंनी ते वाक्य खोडलं आणि वर बारीक अक्षरात नवं लिहिलं: भाऊ पुढच्या सुट्टीपर्यंत रोज वाजवत राहिला. पुढच्या सुट्टीत काय झालं, हे त्याला विचारायची गरज नव्हती. ते मात्र बाईंना लख्ख आठवत होतं. त्या सुट्टीत त्या घरी गेल्याच नव्हत्या. स्पर्धा होती, आणि त्या पहिल्या आल्या होत्या.